बाबांचं जर्मन

मी नोकरीसाठी जर्मनीत राहते. तिथले माझे शेजारी, माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, गेल्या जानेवारीत माझ्याबरोबर यवतमाळला आले. तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे, हे ते नागपूर विमानतळापासून विचारत होते आणि मी खिडकीबाहेर बोट दाखवून कापूस, कापूस करत वेळ मारून नेत होते. बेत मात्र माझा पक्का होता. बाजार दाखवायचा, काकांच्या शेतात नेऊन ओल्या तुरीचे सोले, म्हणजे कोवळे दाणे, खाऊ घालायचे, टेकडीवरून सूर्यास्त दाखवायचा. घरी पोचल्यावर कळलं की बाबांचा बेत माझ्या आधीच ठरलाय. मी पाहुण्यांना गाव दाखवणार होते आणि बाबा गावाला पाहुणे दाखवणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या गणपती मंदिरात सत्कार. दुपारी पतसंस्थेत. तिसऱ्या दिवशी पुसदला, आत्याच्या शाळेत, तिथे तर लेझीमसुद्धा. प्रत्येक ठिकाणी शाल, नारळ, गुच्छ आणि 'आमच्या विनंतीला मान देऊन' वगैरे. विनंती बाबांनी केलेली असायची आणि मानही बाबांनीच दिलेला असायचा. मैत्रिणीनं मला हळूच विचारलं, आम्ही थंडीनं कुडकुडतोय असं या लोकांना वाटतं का? मी म्हटलं, तसंच समजा. इकडे नारळांचं काय करावं हे आईला कळेना. आमच्याकडे भाजीत शेंगदाण्याचा कूट पडतो, ओलं खोबरं नाही. शेवटी तिनं वड्या थापायला घेतल्या आणि त्या त्याच पाहुण्यांना खायला लावल्या.

या सगळ्यात बाबांचा काय स्वार्थ, हे फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले ते नेमके लॉकडाऊनच्या वर्षी. चार्ज दिला, मास्क लावूनच साहेबांना नमस्कार केला आणि स्कूटरवर बसून घरी आले. निरोप समारंभ नंतर करू असं ठरलं होतं. मग साहेबांची बदली झाली आणि विषय मागे पडला. भाषण मात्र बाबांचं तयार होतं, तोंडपाठ. ते अजूनही दाढी करताना बाथरूममध्ये ते म्हणतात. दाराबाहेर उभं राहून आई आणि मी पुष्कळदा हसलो आहोत. खरं सांगायचं तर मला त्यांचं फार वाईट वाटायचं, पण हा विषय काढायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून ते प्रत्येक सत्काराला इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसत. कोणीतरी 'आता दोन शब्द' म्हणत माइक आपल्याकडे वळवेल, अशी त्यांना आशा असायची. माइक पाहुण्यांकडे जायचा, नंतर अनुवादासाठी माझ्याकडे. बाबांच्या वाट्याला नारळ सांभाळायचं काम.

शेवटचा सत्कार आमच्या भागातल्या वाचनालयात होता. समोर बहुतेक सगळे पेन्शनर. बाबांच्या कचेरीतली जुनी मंडळीही मागच्या रांगांत होती, कारण त्यांना बाबांनी घरोघरी जाऊन बोलावलं होतं. अध्यक्षांनी हट्ट धरला की पाहुण्यांनी इंग्रजी नको, आपल्या मातृभाषेत बोलावं. माझ्या मैत्रिणीचा नवरा तसा लाजाळू, जेमतेम तिशीचा. उठला आणि जर्मनमध्ये म्हणाला की जेवण चांगलं आहे, ऊन छान आहे, म्हशी आवडल्या, धन्यवाद.

मी उठणार तोच बाबांनी माइक धरलेला.

"तू बस," ते मला म्हणाले. "इतके दिवस घरात तेच आयकून राह्यलो. समजते मले आता."

मग घसा साफ करून त्यांनी छापील मराठीत सुरुवात केली. पाहुणे म्हणतात, की मी या खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा माझ्या अंगावर मोठ्या भावाचा शर्ट होता.

मी ओळखलं. हे दाढीचं भाषण होतं. पाहुणे म्हणतात, की तीस-बत्तीस वर्षांच्या सेवेत मी कोणाची फाइल दाबून ठेवली नाही. पाहुणे म्हणतात, की साहेब आले आणि गेले, पण चहाला आम्ही एकत्रच गेलो. तिशीचा तो पाहुणा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. आपल्या म्हशींचं इतकं मनापासून भाषांतर होतंय म्हणून तो भारावला होता. मराठी इतकी लांब असते का, असं मैत्रिणीनं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात सगळं सविस्तर सांगायची पद्धत आहे.

पुढच्या रांगा आधी गोंधळल्या. मग कचेरीतल्या मंडळींत खसखस पिकली. बाबा थांबले नाहीत. पाहुणे म्हणतात, की मुलीच्या दहावीच्या वर्षी माझी बदली झाली, तेव्हा मी खोलीवर एकटा राहिलो आणि रोज रात्री जेवण्याआधी घराकडे तोंड करून बसायचो. हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. दाढीच्या वेळी ते नळाच्या आवाजात जात असावं. खसखस थांबली होती. काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा, असंही पाहुणे म्हणाले आणि बाबांचं भाषण संपलं.

टाळ्या वाजल्या. अध्यक्ष पाहुण्यांचे आभार मानायला उठले होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जण उभे राहिले. बाबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांनी जवळजवळ अख्खी नोकरी काढलेली. ते बाबांकडे पाहात नव्हते, सरळ त्या जर्मन माणसाकडे पाहून बोलत होते.

"पाहुण्यायले माहा एक निरोप सांगा," ते म्हणाले. "म्हणा, त्या वर्षी आमी हार घेऊन तुमच्या गल्लीच्या तोंडापरेंत आलतो. बांबू लावून रस्ता बंद केलता, वापस जा लागलं. अन् म्हणा, तुमी गेल्यावर तुमच्या टेबलावर लय दिवस कोणी बसलं नाही. बसावंच वाटे नाही कोणाले."

आपल्याला काहीतरी सांगितलं गेलंय एवढं पाहुण्याला कळलं होतं, आणि तो अनुवादासाठी मोठ्या उत्सुकतेनं बाबांच्या तोंडाकडे बघू लागला. बाबांनी माइक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. शेवटी त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"हे तू सांग," ते म्हणाले. "येवढं जर्मन मले येत नाही."