हात लावायचा नाही

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं गळायला लागली. मी टाइप केलेली. एकेक सुटायचं आणि खाली ढिगात जाऊन पडायचं. मी घाबरून दोन्ही हात वर केले.

सर धावत आले. "वायरस आ गया. सब लोग हाथ हटाओ!" मग माझ्याजवळ वाकले आणि हळूच मराठीत म्हणाले, "तुम्हा लोकांच्या हाताचाच गुण हा. उद्यापासून मागे बसायचं. मशीनला हात लावायचा नाही."

मराठी समजणारे त्या खोलीत आम्ही दोघंच.

नोएडात तेव्हा नवी सेक्टरं उठत होती आणि माझे वडील त्यांच्या विटा वाहत होते. त्यातल्याच एका सेक्टरात कम्युनिटी कॉलेज निघालं. बारावीनंतर मी तिथे डेटा प्रोसेसिंगला गेले. एसीची खोली, चपला दाराबाहेर. सर दिल्लीत वाढलेले मराठी. पहिल्या दिवशी त्यांनी हौसेनं गाव विचारलं, मग आडनाव. "अच्छा," म्हणाले. त्यानंतर माझ्या हातून फ्लॉपी कधी घेतली नाही, टेबलावर ठेवायला लावायचे. मला वाटायचं, शिस्त असेल. इतकी मी खुळी.

व्हायरस म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. हातानं पसरतो एवढंच कळलं. घरी येऊन हात साबणानं घासले. पुन्हा घासले. आईनं कणीक मळायला सांगितली तर मी परातीपासून लांब सरकले.

"काय झालं गं?"

"माझ्या हातात व्हायरस आहे."

"म्हणजे?"

मला दुसरा शब्द सुचला नाही. "विटाळ," मी म्हणाले.

आईचा चेहरा बघून मी सरांना घाबरले नव्हते इतकी घाबरले. तिनं माझी मनगटं धरली आणि दोन्ही हात कणकेत दाबले. "तो शब्द मी गावी टाकून आले. या घरात पुन्हा काढलास तर बघ. मळ!" मी रडत रडत मळली. पहिली पोळी तिनं खाल्ली.

भीती तरी गेली नाही. दुसऱ्या दिवशी मागे बसले, हात मांडीखाली दाबून. प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं. नुसतं बघून बोटं शिकत नाहीत, मी नापास होणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेत पुन्हा अक्षरं गळाली. त्या मशीनजवळ मी कधी फिरकलेसुद्धा नव्हते. तिथल्या मुलानं घरून गेमची फ्लॉपी आणली होती. सर हसले. "अरे यार, वायरस ऐसी फ्लॉपी से ही तो आता है. चलो, साफ कर देते हैं."

त्या मुलाला मागे बसवलं नाही.

म्हणजे सरांना माहीत होतं. कालही माहीत होतं.

मी उठले. माझ्या मशीनवर जाऊन बसले. सर जवळ आले, वाकले. "मागे बसायला सांगितलंय ना?"

मी मोठ्यानं, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हणाले, "सर, कल जो मुझे मराठी में कहा था, वो सबके सामने हिंदी में कहिए."

सर सरळ उभे राहिले आणि पुढच्या रांगेकडे वळले. मी टाइप करू लागले. बोटं इतकी थरथरत होती की एक शब्द धड उमटेना. उठले मात्र नाही.

आजही कोणी कानाशी वाकून हळू बोलायला लागलं की माझे हात कापतात. मी ते कीबोर्डवरून काढत नाही. त्याला सांगते, मोठ्यानं बोला.