बादलीच्या तोंडचं वाक्य

निवृत्तीनंतर पुष्कळ प्रकरणं विसरलो. विहिरीवरच्या बादलीचं एक चित्र मात्र अजून विसरता आलेलं नाही. हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात चूक माझीच आहे. नावं कोणाचीच देत नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. झाडीपट्टीत, वडशाच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. जवळच्या गावात एक तरुण सून विहिरीत पडून वारली. खबर नवऱ्यानेच दिली. मी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा केला आणि त्याने सांगितलं ते लिहिलं: पाणी काढताना पाय घसरून मृत्यू.

महिन्याभराने पोलीस पाटील आला. "साहेब, चाचाच्या अजबबंगल्यात एक चक्कर मारा. तिथी बादली बोलून राह्यली."

चाचा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा म्हातारा पेंटर. घराच्या पुढच्या खोलीत त्याने वर्तमानपत्रांतली व्यंगचित्रं भिंतभर चिकटवली होती, चित्रकथांची पुस्तकं सुतळीवर टांगली होती. अजबबंगला म्हणजे संग्रहालय; लोक त्या खोलीला छोटा अजबबंगला म्हणत. चाचाच्या स्वतःच्या चित्रांत बोलण्याचे फुगे रिकामे असत. पाहणाऱ्याने बोलायचं, चाचाने चिठ्ठीवर लिहून फुग्यात टाचायचं.

मी गेलो तेव्हा पहिल्याच चित्राला हसू आलं. पुढारी खुर्चीत झोपलेला, आणि खुर्ची म्हणते, "बापू, उठा आता, मले बी मत टाकू द्या." पुढचं चित्र विहिरीचं होतं. बाई वाकलेली, खाली बादली. बादलीच्या फुग्यात लिहिलं होतं, "ते घसरली नाई. तिले ढकललं."

"चाचा, अक्षर कोणाचं?"

"माहंच. सगळ्या चिठ्ठ्या माह्याच हातच्या."

"म्हणजे हे तुम्ही पाहिलंत?"

"लिवलं मी साहेब. बोललं दुसरं कोणी."

"कोण?"

"नाव नाई सांगनार म्हणून जबान देल्ली."

मला ती थाप वाटली. स्टेशन डायरीत नोंद न करताच मी त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी हवालदाराने त्याचा उजवा हात टेबलावर धरला आणि रूळ मारला. मी खोलीतच होतो. "थांबा" म्हणालो, पण तिसऱ्या फटक्यानंतर. चाचाने नाव सांगितलं नाही.

त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत गावी आलो की अर्ध्या गावाची पत्रं लिहायचो. एका बाईने भावाला लिहायला सांगितलं होतं, "मले इथून घेऊन जा." तेही माझंच अक्षर होतं. पण ते बोलणं माझं आहे, असं कोणी म्हटलं नसतं. इतकी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही, कोण जाणे.

सकाळी चाचाला घरी सोडलं. चित्रावरून काढून आणलेली बादलीची चिठ्ठी परत द्यायला पुढे केली. त्याचा डावा हात पुढे आला. "नाव नको," मी म्हणालो. "फक्त ही होती तिथे लावा."

बाजाराच्या दिवशी मी साध्या कपड्यांत कोपऱ्यात बसलो. दुपारी एक म्हातारी आली. कोणत्याच चित्राकडे न पाहता ती सरळ विहिरीपाशी गेली.

"भाऊ, माहं बोलनं कोनी वाचलं का नाई अजून?"

"वाचलं बाई."

"मंग कोनी येऊन काऊन नाई राह्यलं?" इतक्यात तिला त्याच्या हाताची पट्टी दिसली. "हाताले काय झालं?"

चाचाने एकवार माझ्याकडे पाहिलं. "काई नाई. घसरलो."

मर्गच्या कागदावर मी लिहिलेला शब्द तोच होता.

मी उठून तिला ओळख दिली. ती दचकली नाही. ती मेलेल्या मुलीची सासू होती. "आंगनातून पाह्यलं मी," ती म्हणाली. "पोरगा हाय माहा तो. घरात तोंड उघडता येत नवतं. इथी बादली बोलते म्हनलं." जबाब मी तिच्याच बोलीत लिहिला, एक शब्द न बदलता, आणि वाचून दाखवल्यावर तिने अंगठा उठवला.

मुलाला जन्मठेप झाली. कोर्टात साक्ष देताना ती पूर्ण वेळ त्याच्याकडेच पाहत होती. निकालानंतर त्या घरात ती एकटी राहिली.

नवऱ्याने सांगितलं ते मी खरं मानून लिहिलं होतं, कारण तो ठाण्यात आला, नीट उभा राहिला आणि साहेब म्हणाला. कागदावरचं अक्षर आपलं असलं तरी आत कोण बोलतंय, हे विचारायला मी या प्रकरणात शिकलो. त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

बदलीच्या आधी चाचाकडे गेलो. बोटं जुळून आली होती, पण बारीक कुंचला धरवत नव्हता. त्याने एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

"तुमी काईच नाई बोलले साहेब अजून. तुमचं तुमीच लिवा. माह्याच्यानं आता होत नाई."

मी पेन काढलं आणि परत खिशाला लावलं. ती चिठ्ठी एका रिकाम्या फुग्यात कोरीच टाचून आलो.