घळीतली निळी पॉपी

परवा सांडोर गावात फिलोमिना बाईंकडे चहाला गेलो होतो. एव्हरशाईनला माझ्या घरी परत आल्यापासून आरशात बघणं टाळतोय...

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, मी संस्कृत. निवृत्तीनंतर यंदा जुलैत आम्ही काही जुने सहकारी हिमालयात फुलं बघायला गेलो. बाईंना एकच फूल बघायचं होतं, निळी पॉपी. गुडघे एकच मोठा चढ चढू देतील म्हणून तो त्यांनी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

त्या दिवशी वाटा दोन होत्या. एक उन्हातल्या कुरणाकडे, दुसरी सावलीतल्या घळीकडे. गाइड म्हणाला, घळीत चला. बाईंचंही तेच मत. "सर, माझ्या वाडीत विहिरीच्या सावलीतला मोगरा अंगणातल्यापेक्षा उशिरा फुलतो. इथे तर बर्फाचा मामला."

माझ्या मोबाइलमध्ये त्याच कुरणाचा, गेल्या वर्षी त्याच आठवड्यातला, निळ्या पॉपींनी भरलेला फोटो होता. "बाई, हिमालय म्हणजे सांडोरची वाडी नव्हे," असं वर ऐकवलं. बाकीचे गाइडबरोबर घळीत गेले. बाई भिडस्त, माझ्यामागून कुरणात आल्या.

कुरणात सुकलेली बोंडं होती... यंदा तिथला बर्फ लवकर वितळला, फुलं येऊन गेलीसुद्धा. घळीतला नुकताच सरकला होता, त्यामुळे तिकडचे लोक निळेशार फोटो घेऊन परतले. हाकेच्या अंतरावर दोन ऋतू, आणि प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण म्हणून आयुष्यभर पोरांकडून घोकून घेणारा मी मोबाइल धरून उभा.

बाई एका बोंडाला हात लावून म्हणाल्या, "बी छान धरलंय." बस, एवढंच.

तर परवा चहाला त्यांची भाची फोटो बघत होती. "आंटी, सगळ्यांकडे ती निळी फुलं आहेत, तुझ्याकडे कशी नाहीत?"

"अगं, हे गुडघे. सर सांगत होते घळीत चला, मलाच जमलं नाही," बाई म्हणाल्या. आणि माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

मी तो खाल्ला. शेवटच्या कणापर्यंत...

भाची हे पेज वाचते, म्हणून इथे लिहितो. गुडघ्यांनी त्या दिवशी चढ पुरा केला होता. वाट मी चुकवली. बाई, माफ करा.

पुढच्या जुलैत चढवेल का, हे त्यांना विचारायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.