पायाळू मुलीचा डावा गुडघा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार शेळके सरांचे आहेत, आणि त्या सोमवारी सकाळी शेळके सर माझ्या क्लिनिकमध्ये उभे राहून माझ्यावरच ओरडत होते.

"बालाजी, शनिवारी तू पोरीकडून काय करून घेतोस रे? दर सोमवारी गुडघ्याचा भोपळा!"

"सर, सायकल आणि मांडीचे व्यायाम. सूज येण्यासारखं त्यात काही नाही."

"मग सूज काय आभाळातून पडली?"

ज्या पोरीबद्दल हे चाललं होतं ती रेश्मा टेबलावर पाय लांब करून बसली होती. सोनारीची, मेंढपाळाच्या घरातली. भूमच्या कॉलेजात बीए दुसऱ्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची. सरांच्या फुटबॉल संघाची फॉरवर्ड, म्हणजे गोल करण्याचं काम तिचं. उजव्या पायानं चेंडू असा मारायची, की समोरची गोलकीपर आधी डोकं वाचवायची.

मी भूमला फिजिओथेरपिस्ट आहे. हाडं-सांध्यांचं ऑपरेशन झालं, लकवा झाला, की माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करणं हे आमचं काम. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी सरांच्या संघात राखीव खेळाडू होतो, तोही नावापुरता. पण कुणाचा पाय मुरगळला की पट्टी मीच बांधायचो. सरांनी ते बघितलं. बारावीनंतर ते आमच्या घरी आले आणि वडलांना म्हणाले, "ह्याला खेळता येत नाही, पण खेळणारा उभा करता येतो. असा एक कोर्स असतो." फिजिओथेरपी हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला तो सरांनी. प्रवेशाच्या प्रत्येक फेरीला ते माझ्यासोबत आले. त्यामुळं सर ओरडले तर मी ऐकून घेतो.

आता गुडघ्याबद्दल. गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक लिगामेंट असतो. त्याला आम्ही एसीएल म्हणतो. पळता पळता माणूस एकदम वळला, तर नडगी मांडीच्या हाडाखालून पुढं सटकू नये म्हणून तो धरून ठेवतो. फुटबॉलमध्ये एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं चेंडू मारतात. रेश्माचा उभा राहायचा पाय डावा. मागच्या हिवाळ्यात एका सामन्यात तो जमिनीत रुतल्यासारखा अडकला, अंग फिरलं आणि लिगामेंट तुटला. सोलापूरला ऑपरेशन झालं. तिच्याच मांडीच्या स्नायूची एक कंडरा काढून नवा लिगामेंट बसवला. त्याला ग्राफ्ट म्हणतात. झाडाला कलम बांधावं तसंच. कलम जीव धरेपर्यंत हलवायचं नसतं, हे मी प्रत्येक पेशंटला सांगतो.

सुरुवातीच्या महिन्यांत रेश्मासारखी पेशंट मी पाहिली नाही. सांगितलं तेवढंच करायची, न सांगता जास्त करायची नाही. तिला विद्यापीठाच्या निवड चाचणीला उतरायचं होतं. त्या संघात आली की शिक्षण पुरं होईपर्यंत घरचे परत बोलावणार नाहीत, असं तिचं गणित होतं. ते खरंही होतं. तिच्या बरोबरीच्या मुलींची लग्नं झाली होती.

आणि मग ह्या सोमवारच्या सुजा सुरू झाल्या. गुडघ्याच्या वाटीवर बोट दाबलं की खाली पाणी सरकायचं. गुरुवारपर्यंत ओसरायचं. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर.

"रविवारी गावाकडं जातेस तेव्हा खेळतेस का?" मी विचारलं.

"न्हाय सर."

"पळतेस?"

"न्हाय."

"मेंढरांमागं गेलीस?"

"आई काठीला हात बी लावू देत न्हाय."

ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. मग माझ्या मनात भलतंच आलं. सर एव्हाना बाहेर चहा पीत उभे होते, तिथं जाऊन मी विचारलं, "सर, रागवू नका. रविवारी तुम्ही तिला मैदानावर नेत नाही ना?"

"मी?" सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मी चोर व्हय? रविवारी मी झोपतो, विचार तुझ्या काकूला. अन् मला वाटत होतं तू शनिवारी काहीतरी शहरी व्यायाम करून घेतोस."

"मग येत्या रविवारी सोनारीला जाऊ. दोघं."

"जाऊ की. घाबरतो काय?"

रविवारी सरांच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. सोनारीला काळभैरवाचं देऊळ आहे. रविवारी दर्शनाला बाहेरगावची माणसं असतात. रेश्माचं घर गावाच्या कडेला, मेंढरांच्या वाड्याला लागून. लांबून दिसलं की दारात सात-आठ माणसं बसलीत. सर म्हणाले, "कुणी गेलं की काय?"

कुणी गेलं नव्हतं. अंगणात घोंगडीवर एक जाडजूड म्हातारा पालथा पडला होता. त्याच्या शेजारी रेश्मा छपराची मेढ एका हातानं धरून उभी होती. डाव्या, ऑपरेशनच्या पायावर. उजवा पाय तिनं म्हाताऱ्याच्या कमरेवर ठेवला, दाबला, उचलला. तीन वेळा. म्हातारा उठला, कमरेवर हात ठेवून इकडं-तिकडं वळला आणि म्हणाला, "हां! सुटली बघ. लई गुणाची पोर." लगेच दुसरा आडवा झाला.

आमच्या भागात राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. जन्मताना ज्याचं डोकं न येता पाय आधी येतात, तो पायाळू. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं मानतात. माझी स्वतःची उसण लहानपणी आमच्या गल्लीतल्या पायाळू मावशीनं उतरवली आहे. रेश्मा पायाळू होती. मी तिला जिना, संडास, बस, झोपायची कूस, सगळं विचारलं होतं. हे विचारायचं सुचलं नव्हतं.

"रेश्मा!" मी हाक मारली. ती दचकली नाही, लाजली. आई पाणी घेऊन बाहेर आली. सर, रेश्मा आणि मी वाड्याच्या मागं गेलो.

"हे किती दिवस चाललंय?"

"पहिल्यापासूनच करते सर. ऑपरेशन झाल्यावर बंद होतं. चालाया लागले तसं परत येऊ लागले लोक."

"मी विचारलं होतं ना तुला?"

"तुम्ही विचारलं, खेळलीस का. मी खेळले न्हाय."

मी विचारलं, "ह्यात कधी पाय मुरगळला?"

ती सरांकडं बघत म्हणाली, "पोळ्याच्या आधी एक पाव्हणं आलं होतं. पाय ठेवला अन् ते एकदम कुशीवर वळलं. मी फिरले. आत कट् केलं. पण दुखलं न्हाय लई."

सर चिडले. "अगं पण नाही म्हणायचं! पाय कापलाय, येऊ नका म्हणायचं!"

तिची आई तेवढ्यात मागं आली होती. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं की."

"मी काय सांगितलं?"

"पोरगी चड्डी घालून खेळती म्हणून गाव बोलत होतं. तवा तुम्ही पारावर बसून सांगितलं, पायाळू हाय, तिच्या पायात गुण हाय, देवाचं देणं हाय, खेळू द्या. तवापासून कुणी बोललं न्हाय. आता त्याच लोकांना दारातनं माघारी कसं धाडायचं? गुण गेला म्हणतील. मग शाळा कशाला अन् खेळ कशाला?"

सर वाड्यातल्या मेंढरांकडं बघत राहिले.

सोमवारी मी गुडघा तपासला. पेशंटला झोपवून गुडघा थोडा वाकवायचा, मांडी एका हातानं धरायची आणि नडगी पुढं ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर ती मध्येच टक्कन थांबते. रेश्माची नडगी टेबलाचा ड्रॉवर यावा तशी पुढं आली. बार्शीला एमआरआय केला. ग्राफ्ट तुटला होता. शिवाय दोन हाडांच्या मधली गादीही मोठी फाटली होती. सोलापूरच्या सर्जननी फिल्म बघून मला फोनवर सांगितलं, "पुन्हा ऑपरेशन करू. पण ते आयुष्यभर नीट चालण्यासाठी. फुटबॉलचं मला विचारू नकोस."

सर दुसऱ्या दिवशी आले, एकटेच. निवड चाचणी तोंडावर आली होती आणि उतरण्यासाठी तंदुरुस्तीचा दाखला लागत होता.

"बालाजी, दोन ओळी लिहून दे. फिट आहे म्हणून."

"सर, गुडघा ढिला आहे."

"पट्टा बांधू घट्ट. फक्त पहिला हाफ. एक गोल मारला की निवडसमिती तिला सोडत नाही. नाव आलं की लगेच बाहेर काढतो. मग करा ऑपरेशन."

"पहिल्या वळणाला गुडघा सटकला तर उरलेली गादी जाईल. तिशीत म्हातारीसारखं चालेल ती."

"अन् नाव नाही आलं तर दिवाळीत लग्न लावतील तिचं. ते कुठल्या एमआरआयमध्ये दिसतं?"

सरांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तरीही म्हणालो, "मी लिहिणार नाही, सर."

"तुला मी घडवलं रे."

"व्हय सर."

"तरी नाही?"

"नाही."

सर उठले. दारात थांबून म्हणाले, "लई मोठा झालास." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

रेश्माला मीच सांगितलं. तिनं फिल्म मागून घेतली, उजेडाकडं धरली. त्यातलं तिला काही कळलं नसणार, पण बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजे परत कधीच न्हाय?"

"फुटबॉल नाही. चालणं, जिना, गाडी, सगळं येईल. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावं लागेल."

ती रडली. मी थांबवलं नाही. ओढणीनं तोंड पुसून तिनं जे विचारलं त्याची माझी तयारी नव्हती.

"गावाला काय सांगू सर? खेळ बी गेला अन् गुण बी गेला, तर मला हॉस्टेलवर कोण ठेवील?"

आमच्या पुस्तकांत याला उत्तर नाही. पण सांध्यावर भार कसा कमी करायचा, एवढं आम्हाला शिकवतात. पेशंटला काम सोडता येत नसेल तर कामाची पद्धत बदलायची. बायकांना भाकरी ओट्यावर थापायला सांगतो, तसंच हे. मी म्हणालो, "उभं राहून कशाला? बाजेवर बस. तो माणूस खाली झोपेल. बसल्या बसल्या पाय लाव."

"बसून गुण येतो व्हय?"

"बघू की."

पुढच्या रविवारी मी एकटाच सोनारीला गेलो. आधीच्या वेळचा तो जाडजूड म्हातारा पुन्हा आला होता. त्यांना सगळे बापू म्हणायचे. बाज बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय नवीन? उभं राहून दाब यायचा. बसून काय पाळणा हलवायचा का?"

मी चपला काढल्या आणि घोंगडीवर पालथा पडलो. दिवसभर पेशंटवर वाकून माझी कंबर खरोखरच दुखत असते. रेश्मानं बाजेवर बसून माझ्या पाठीवर उजवा पाय ठेवला. तिच्या मांडीत ताकद किती आहे ते मला तिथं कळलं.

"हळू गं!"

सगळे हसले. मी उठलो तेव्हा बापूंनी विचारलं, "काय डॉक्टर, सुटली का?"

"थोडं मोकळं वाटतंय." हे खरं होतं. कशामुळं, ते मी बोललो नाही. बापू शर्ट वर करून झोपले.

तिथंच मी तिच्या वडलांना सांगितलं, की दुसरं ऑपरेशन आणि नंतरचे व्यायाम भूमला राहिल्याशिवाय होणार नाहीत. चार माणसं ऐकत होती. बापूच पडल्या पडल्या म्हणाले, "पाय वाचला पायजे पोरीचा. राहू दे की तिथंच." वडील मान हलवून म्हणाले, "बरं."

विद्यापीठाची चाचणी रेश्माशिवाय झाली. तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. सर फोन उचलत नव्हते, म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं.

ती. शेळके सर यांस,
सा. नमस्कार.

रेश्माचा गुडघा आता पूर्ण सरळ होतो आणि सूज नाही. ती कुबडीशिवाय चालते. पळणार नाही, हे तिला माहीत आहे. चाचणीच्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर व्यायामाला आली.

दाखल्याबद्दल मी माफी मागत नाही. माझं चुकलं असतं तर मागितली असती. आणि तुम्ही पारावर बोलला होता ते चुकलं, असंही मला वाटत नाही. तसं बोलला नसता तर ती एकही सामना खेळली नसती. पायाळूच्या दारात लोक उसण उतरवायला येतात, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं आणि तिला ते दोघांनीही विचारलं नाही, एवढंच झालं. माझ्या केसपेपरवर आता वय आणि वजनाच्या खाली एक प्रश्न वाढवला आहे: पायाळू आहात का? पेशंट हसतात. परवा एक जण हो म्हणाला.

रेश्मा संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसते, ते तुम्ही बघतच असाल. ती सांगत होती, तुमच्या नव्या गोलकीपरचा अंगठा सुजलाय आणि तुम्ही त्यावर हळद लावून तिला उभं केलंय. अंगठा सांध्याजवळ सुजला असेल तर थांबू नका, तिला उद्याच माझ्याकडं पाठवा. तुम्ही सोबत नाही आलात तरी चालेल. आलात तर चहा सांगून ठेवतो.

आपला,
बालाजी