मीटरची वेगळी तार

गेल्या महिन्यात एका मंगळवारी शालिकभाऊ मेश्राम वारले. सकाळी नऊच्या सुमारास त्यांच्या मुलीचा, सुजाताचा, वरोऱ्याहून फोन आला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे काही उत्तर नव्हे.

गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या वर्षांतली ही ओळख. एका संस्थेने वैनगंगेवर दवाखान्याची छोटी बोट ठेवली होती. पोंभुर्ण्याकडच्या एका घाटावर ती बांधलेली असे आणि पावसाळ्यात रस्ते बंद झाले की पलीकडच्या गावांना जाई. बोटीवर आम्ही तिघं: नागपूरहून आलेल्या डॉक्टरबाई, मी कंपाउंडर आणि शालिकभाऊ ड्रायव्हर. शालिकभाऊ मूळचे ट्रकच्या वायरिंगचे मिस्त्री. नदीवर येईपर्यंत ते बोटीत बसलेही नव्हते, पण इंजिन आणि तारा दिसल्या की त्यांना परकं वाटत नसे. मी बोलायला कमी. रोगी नसले की पुढच्या फळीवर पुस्तक घेऊन बसायचो. माझी पुस्तकं पत्र्याच्या एका पेटीत, त्याच फळीखाली असत. शालिकभाऊ लोकांना सांगत, "आमचे कंपाउंडर दवाई कमी अन् कागद जास्त वाटतात."

पहिल्याच पावसाळ्यात एकदा पलीकडच्या काठावर डॉक्टरबाईंनी संध्याकाळपर्यंत रोगी तपासले. बोटीतले दिवे सगळा वेळ जळत होते. निघताना शालिकभाऊंनी सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं कण्हलं. हँडल मारून सुरू करायची सोय त्या इंजिनाला नव्हती. सोमाजी नावाच्या मासे धरणाऱ्या माणसाने त्याच्या डोंग्याला दोर बांधून आम्हाला काठाकाठाने ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "शालिकभाऊ, बॅटरीत किती जीव उरलाय, हे आधी कळायला हवं." शालिकभाऊ चंद्रपूरला जाऊन एक मीटर घेऊन आले.

बॅटरी मागे, इंजिनाशेजारी. मीटर हवं पुढे, चाकापाशी. मधल्या अंतरात तळाशी नेहमी वीतभर पाणी. शालिकभाऊंनी दोन लांब बांबू आणले, सळई चुलीत लाल करून आतल्या गाठी एकेक करून भोसकल्या आणि त्या पोकळीतून तार ओवली. जळक्या बांबूचा वास दोन दिवस घाटावर होता. बांबू त्यांनी पाण्याच्या वर, फळ्यांच्या खाली घट्ट बांधले आणि बॅटरीच्या तोंडाशीच एक बारीक फ्यूज ठेवला. मी बाजूला बसून पाहत होतो. न राहवून म्हणालो, "दिव्याची तार पुढपर्यंत आलेलीच आहे. तिच्यावरच जोडा ना मीटर. एवढा खटाटोप कशाला?"

"कंपाउंडर, तुमी रोग्याचा ताप पाह्यता, तवा थर्मामीटर चहात बुडवून पाह्यता काय?"

"नाही."

"मंग? दिवा लागला का तारेत वोल्टेज पडते. मीटरले वाटते, बॅटरीच गेली. या तारेले फक्त पाह्याचं काम. दुसरं वजन तिच्यावर नाई द्याचं."

मग दोन दिवस ते दिवे जाळत आणि सेल्फ मारून पाहत बसले. कुठवर इंजिन सहज सुरू होतं आणि कुठे अडतं, हे पाहून त्यांनी मीटरच्या काचेवर लाल रंगाची एक खूण केली. काटा खुणेच्या खाली असला तर घाट सोडायचा नाही, हा नियम. पुरात बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात काडीकचरा अडकून इंजिन बंद पडे, आणि मधोमध ते पुन्हा सुरू झालं नाही तर बोट वाहत जाई, आणि प्रवाहात खाली खडक होते.

त्याच पावसाळ्यात माझ्या पुस्तकांना बुरशी आली. पानांवर हिरवट ठिपके दिसू लागले. ट्रकच्या इंडिकेटरचा एक बल्ब माझ्याकडे होता. पेटीत बल्ब जळत ठेवला तर पुस्तकं कोरडी राहतील, असं मला वाटलं. फळीपासून सगळ्यात जवळची तार मीटरची होती; दोन बांबूंच्या सांध्यापाशी ती थोडी बाहेर दिसे. ती सोलून मी बल्बच्या वायरी जोडल्या आणि जोडावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. शालिकभाऊंचं बोलणं मी ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि समजलेलं यांत अंतर असतं, आणि मला वाटलं, एवढ्याशा बल्बाने काय होणार... पेटी बंद केली की उजेड दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोमाजी पलीकडून आला. त्यांच्या गावात एक बाई सकाळपासून अडली होती. डॉक्टरबाई पिशवी घेऊन बोटीवर चढल्या. शालिकभाऊंनी मीटर पाहिलं. काटा खुणेच्या बराच खाली होता.

"बाई, बोट नाई नेता येत."

"सेल्फ मारून तर बघा."

"इथी सुरू होईल. मधात बंद पडली तं?"

घाटावर दहाबारा माणसं जमली होती. डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "पाण्याला भिता, तर सरळ सांगा ना!" असं म्हणून त्या सोमाजीच्या डोंग्यात बसल्या. तो डोंगा मधोमध दोनदा आडवा झाला. शालिकभाऊ तो पलीकडे लागेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे होते. बाई वाचली, मूलही जगलं. संध्याकाळी डॉक्टरबाई चिंब भिजून परतल्या आणि शालिकभाऊंशी एक शब्द बोलल्या नाहीत. तेवढ्या वेळात घाटावर त्यांचं नाव पडलं होतं: भित्रा ड्रायव्हर.

त्या संध्याकाळी मी पुस्तक काढायला पेटी उघडली. पत्रा गरम होता. बल्ब जळत होता. मी वायरी ओढून काढल्या, चिकटपट्टी मात्र तारेवर तशीच राहिली. सकाळी काटा खुणेच्या वर होता; म्हणजे बॅटरीत जीव होता, बल्बाने नुसता काटा पाडला होता. शालिकभाऊ काट्याकडे पाहत राहिले, मग खाली वाकून बांबूवरून हात फिरवत गेले आणि सांध्यावरच्या पट्टीपाशी थांबले. मी पुस्तक उघडून बसलो. चार दिवस घाटावर पोरंटोरं त्यांना "ड्रायव्हर, आज पाणी खोल हाय जी" म्हणून चिडवत होती. ते ऐकून घेत आणि इंजिन पुसत. मला नोकरी जाण्याची भीती होती. पण त्याहून जास्त भीती होती डॉक्टरबाईंच्या नजरेची.

पाचव्या दिवशी इंजिन पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "कंपाउंडर, पुस्तकं वाळली काय?"

मी म्हणालो, "शालिकभाऊ, माझं चुकलं."

"मले काऊन सांगता? मले ठाऊक हाय. बाईले सांगा."

"तुम्हीच का नाही सांगितलं त्यांना?"

"मी सांगतलं असतं, तं तुमी खोटे झाले असते. तुमी सांगतलं, तं नुसते चुकले."

मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या घाटावर आल्या आणि चारजणांदेखत म्हणाल्या, "शालिकभाऊ, त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं." शालिकभाऊ म्हणाले, "काट्यानं सांगतलं तसं केलं, बाई. काट्याले बिचाऱ्याले काय माहीत, पेटीत वाचनालय हाय म्हणून." सगळे हसले. माझी नोकरी राहिली. मला मात्र पुढची दोन वर्षं त्या घाटावर सगळे विचारत, पुस्तकं वाळली काय.

नंतर पूल झाला, बोट बंद पडली. मी चंद्रपूरला आलो, ते वरोऱ्याला परतले. दरवर्षी मृगाचा पाऊस पडून गेला की त्यांचा फोन यायचा. नमस्कार वगैरे काही नाही, पहिलं वाक्य तेच. यंदाही आला होता. आवाज खोल गेला होता, पण वाक्य पुरं झालं. मी नेहमीसारखं "वाळली" म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजाताने हातभर लांबीचा बांबूचा एक तुकडा माझ्या हातात दिला. बोट मोडीत काढली तेव्हा तो त्यांनी कापून घेतला होता. आतली तार एका टोकाला थोडी बाहेर आहे, आणि तिच्यावर माझी चिकटपट्टी आहे, पिवळी पडलेली. तिच्यावर काळी टेप गुंडाळायचं त्यांनी तेव्हा का टाळलं, हे मी कधी विचारलं नाही.

बांबू आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. आतली तार शाबूत आहे. दोन्ही टोकांना काहीही जोडलेलं नाही.