राउटरच्या दारावर दिनानाथ

खांदेश्वर स्टेशनच्या अलीकडे एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दिनानाथ राहतात. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलं. कुठलाही कागद असो, त्यानं आधी दिनानाथांपुढे यायचं, शिक्का खायचा, नंबर घ्यायचा, मगच साहेबांकडे जायचं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तर तिलाही यांनी आवक क्रमांक घातला. साहेब पोट धरून हसले. हे हसले नाहीत.

निवृत्तीनंतर टेबल जातं, हात शिवशिवायचे थांबत नाहीत. घरात नोंदायला काय असणार? दूध, पेपर, गॅसचा सिलिंडर. ते वर्षभरात नोंदून झालं. मग त्यांना वायफायचा राउटर सापडला.

त्याचं असं झालं, की त्यांच्या पत्नी जयमालाबाई मागेल त्याला वायफायचा पासवर्ड देऊन टाकत. "पाणी मागितलं तर देतोच की. याला कामून नाही म्हनायचं?" हा त्यांचा युक्तिवाद. त्यामुळे अर्धी विंग दिनानाथांच्या नेटवर पोसली जात होती. अशात त्यांना कळलं, की प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. आकडे-अक्षरांच्या सहा जोड्या, नाव मॅक ॲड्रेस. हा नंबर राउटरच्या बंदी-यादीत घातला, की पासवर्ड बरोबर असला तरी त्या यंत्राला आत प्रवेश नाही! दिनानाथांना टेबल परत मिळालं. शंभर पानी वही आली. रकाने पडले: नंबर, यंत्र, मालक, शेरा. घरची यंत्रं नोंदली गेली, शेजारची बाहेर.

आता या वर्षीच्या वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या धम्मवाचनाचं. जयमालाबाईंचं माहेर जालन्याकडचं. तिकडच्या लेकी लग्नं होऊन पुणे, कल्याण, नागपूर अशा पांगल्या. पण वर्षावासात दर रविवारी चार वाजता सगळ्या जणी फोनवर एकत्र येतात आणि एकीनं धम्मग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. गेली पाच वर्षं जयमालाबाई नुसत्या ऐकत होत्या. या रविवारी पहिल्यांदाच वाचायची पाळी त्यांची होती. आठ दिवस त्या स्वयंपाकघरात कुकरला वाचून दाखवत होत्या. मुलीनं, संघमित्रानं, त्यासाठी मोठ्या पडद्याचा नवा फोनसुद्धा धाडला होता. घरात मोबाईलची रेंज नाही, दिनानाथांच्या जुन्या फोनवर ते व्हिडिओचं ॲप चढत नाही. सगळी मदार वायफायवर.

"तुझ्या वाचनात नेट अडकता कामा नये," दिनानाथ म्हणाले आणि वही घेऊन बसले.

सोमवारी राउटरला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक बिननावाचं यंत्र दिसलं. वहीत नोंद नाही. चोर! घातली बंदी. मंगळवारी दुसराच नंबर. बुधवारी तिसरा.

"टोळी आहे," ते बायकोला म्हणाले. "पण मीही सोडणार नाही."

"बरं करताय," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांचं चित्त भलतीकडे. गेले तीन दिवस सकाळी उठावं तर त्यांच्या फोनवर नेट बंद. समोरच्या चारुलताबाईंनी उपाय शिकवला होता: फोनला आपलं वायफाय विसरायला लावायचं आणि पासवर्ड टाकून नव्यानं जोडायचं. की चालू! नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. ते आधी अर्ज मागतील.

रविवारी पावणेचारला दिनानाथांना सातवा चोर सापडला. चष्मा पुसून त्यांनी त्यालाही बाहेर काढलं आणि समाधानानं वहीत शेरा मारला. तोच आतून हाक आली.

"अहो! गेलं की हो नेट!"

वाचन ऐकायला आलेल्या चारुलताबाईंनी फोन हातात घेतला, सेटिंगमध्ये गेल्या, मग दिनानाथांच्या उघड्या वहीत डोकावल्या. आणि खुर्चीत बसून हसत सुटल्या.

"भाऊ, तुमचा सातवा चोर माझ्या हातात आहे."

"शक्यच नाही. हिचा फोन नोंदलाय मी. क्रमांक दोन."

"तो जुना फोन."

"सिम तेच आहे ना? फाईलचं कव्हर बदललं म्हणून आवक क्रमांक बदलतो का?"

"इथं बदलतो, भाऊ. हा नंबर सिमचा नसतो, डब्याचा असतो. त्यात हे नवे फोन खरा नंबर सांगतच नाहीत, कुणी पाळत ठेवू नये म्हणून. नव्यानं जोडलं की नवा नंबर बनवून देतात."

"म्हणजे बनावट कागदपत्रं!" दिनानाथांनी पेन उघडलं. "थांबा, खरा नंबर काढा. रीतसर नोंद करू. सांगा, पहिली जोडी..."

"भाऊ, चार वाजायला पाच मिनिटं आहेत."

जयमालाबाई दारात उभ्या होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, छातीशी ग्रंथ. आवाज चढला नाही.

"सातवीत शाळा सुटली. तवापासून मला कुनी मोठ्यानं वाच म्हनलं नव्हतं. आता म्हनलंय, तर तुमी नंबर विचारताय."

दिनानाथांनी पेनाला टोपण लावलं. राउटरचं पान उघडलं. एकेक बंदी काढायला वेळ कुठला. त्यांनी बंदीची अख्खी गाळणीच बंद केली, सगळ्यांना दार मोकळं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून काहीही बिननोंदीचं आत गेलं नव्हतं.

चार वाजता पडद्यावर चेहरे उमटले. पहिल्या ओळीला जयमालाबाईंचा आवाज कापला, तिसरीला स्थिरावला. मध्ये एका शब्दावर त्या अडखळल्या, थांबल्या, पुन्हा वाचला. विंगमधलं कोण कोण त्या वेळी नेटवर होतं कुणास ठाऊक, पण चाळीस मिनिटांत वाचन एकदाही तुटलं नाही. शेवटी जालन्याहून कुणी म्हातारी म्हणाली, "जयमाले, तो मधला भाग परत वाच गं. गोड वाचतीस."

जयमालाबाईंनी पानं मागे उलटली. दिनानाथ दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकत होते. चारुलताबाई हळूच कानाशी लागल्या, "भाऊ, आता चोर येतील की हो."

"येऊ द्या," ते म्हणाले. "गप्प बसा जरा. वाचतेय ती."