एकाहत्तर टक्क्यांवर अडकलेलं फर्मवेअर

अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. शेजारच्या गाळ्यात एम्ब्रॉयडरीची मशीनं चालतात, खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, आणि तरी माझ्या खोलीत इतकी शांतता असते की नव्या माणसाला स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू येते. ती खोली मी उभी राहून बांधून घेतली आहे. माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. यंत्राला भ्यायचं नाही, पण घाईत त्याला हातही लावायचा नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यातलं दुसरं मी एकदाच विसरले.

त्याच आठवड्यात गुरुवारी बोरीवलीहून एका काकूंचा फोन आला होता. त्यांचे यजमान तीस वर्षं बस कंडक्टर होते. आता घशात गाठ निघाली होती आणि सोमवारी ऑपरेशन होतं, स्वरयंत्रच काढायचं होतं. आधी आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवा, मग टॅबलेटवर टाइप केलेलं त्याच आवाजात बोलवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मोबाइलवर केलं तर पंख्याचाच आवाज येतो," काकू म्हणाल्या. "आणि हे मोबाइलसमोर नीट बोलत नाहीत. लाजतात."

मी शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली.

शुक्रवारी निघताना कॉम्प्युटर बंद करायला गेले आणि सवयीने 'अपडेट करून बंद करा' यावर बोट पडलं. शनिवारी साडेआठला येऊन बघते तर कॉम्प्युटर अपडेट होऊन नवा कोरा झालेला आणि माझा ऑडिओ इंटरफेस त्याच्या ओळखीचाच नाही. ही एक लोखंडी पेटी असते. माइकमधला आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा रूपात तीच करून देते. ती नाही तर माझा महागडा माइक म्हणजे नुसता दांडा. छोटी जादा पेटी होती, ती एक मैत्रीण बाहेरच्या शूटला घेऊन गेली होती.

मी नवा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला पेटीची ओळख करून देणारा प्रोग्राम, टाकला. आता पेटी दिसली, पण लगेच सूचना आली: फर्मवेअर जुनं आहे, अपडेट करा. फर्मवेअर म्हणजे पेटीच्या पोटातच राहणारा प्रोग्राम. तो बदलताना मध्येच काही तुटलं तर पेटीला आपण कोण आहोत हेच आठवत नाही. एरवी मी हे काम सुट्टीच्या दिवशी, सगळ्या वायरी काढून करते. त्या दिवशी घड्याळाकडे बघत बटण दाबलं.

पट्टी सरकत एकाहत्तर टक्क्यांवर आली आणि थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग पेटीवरचे सगळे दिवे एकदम विझले.

 मी खाली जाऊन एक चहा प्यायले आणि वर येऊन वही काढली. काय काय केलं ते ओळीने लिहिलं. तिसऱ्याच ओळीत चूक दिसली. पेटी मी थेट कॉम्प्युटरला न जोडता हबमधून, म्हणजे एका वायरीच्या अनेक करणाऱ्या डबीतून, जोडली होती, त्याच हबमध्ये कीबोर्ड, माऊस आणि दोन हार्ड डिस्कही होत्या. कंपनीला मेल टाकला, तर दोन कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, असं आपोआप उत्तर आलं.

तेवढ्यात काका-काकू आले. काका उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला मफलर. काकूंच्या हातात शाळेची वही.

मी सरळ सांगितलं, "काका, माझ्या चुकीने मशीन बंद पडलंय. मला ते चालू करता येईल असं वाटतंय. तासभर द्या. नाही झालं तर दुपारी तुम्हाला ओळखीच्या स्टुडिओत मी स्वतः घेऊन जाईन."

काकांचा आवाज खरखरीत होता, पण भरदार. "सावकाश कर गो, बाय. गाडी बंद पडली म्हणून आम्ही पॅसेंजरांक कधी रागावलो नाय. तेच आमका रागवत."

काकू म्हणाल्या, "बोलून संपवू नका. आत बोलायचंय."

मी कपाटातून जुना लॅपटॉप काढला. त्याला मी कधीच इंटरनेट दाखवत नाही. त्यात जुना ड्रायव्हर आणि जुन्या फर्मवेअरची फाइल जपून ठेवलेली असते. हब बाजूला केला. एक आखूड, चांगली केबल घेऊन पेटी थेट लॅपटॉपला जोडली. समोरचं बटण दाबून धरलं आणि तसंच धरून पॉवर दिली; अडकलेल्या पेटीला फर्मवेअर नव्याने घ्यायला लावायची ही रीत. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळी मी बटण आणखी दहा आकडे मोजेपर्यंत धरलं, आणि एक दिवा लागला, न लुकलुकता.

म्हणजे पेटी ऐकत होती. मी जुनंच फर्मवेअर पुन्हा भरायला घेतलं. काका माझ्या मागे उभे राहून पट्टी बघत होते. एकाहत्तर आलं, गेलं. शंभर झाल्यावर पेटी बंद होऊन पुन्हा चालू झाली आणि सगळे दिवे हिरवे झाले. अपडेट झालेल्या कॉम्प्युटरच्या नादी मी लागलेच नाही. रेकॉर्डिंग जुन्या लॅपटॉपवरच करायचं ठरवलं.

काकूंच्या वहीत चारशे वाक्यं होती. पंधरा दिवस काका घरात जे जे बोलत होते ते त्यांनी लिहून काढलं होतं. 'गो, माझो चष्मो खंय ठेवलंस?' 'भाकरी करपली काय?' 'तो टीव्ही बारीक कर.' 'जेवलंस?'

काकांनी माइकसमोर पहिली दहा वाक्यं बातम्या वाचल्यासारखी वाचली. मी थांबवलं. "काकू, तुम्ही आत जाऊन त्यांच्यासमोर बसा. काका, वहीतलं वाचू नका, त्यांना विचारा."

मग खरा आवाज आला. चष्म्याचं वाक्य तर असं आलं की काकूंनी सवयीने "कपाळावर बघा" असं उत्तर दिलं आणि तो टेक परत घ्यावा लागला. दर वीस वाक्यांनी आम्ही थांबत होतो, काका कोमट पाणी पीत होते. शेवटी मी विचारलं, कंडक्टरकीतलं काही म्हणता का?

"ता नको," ते म्हणाले. "ता नोकरीचा. हयसर फक्त घरचा."

अडीच वाजता चारशेवं वाक्य झालं. मी फाइली तीन ठिकाणी उतरवल्या आणि काकूंच्या हातात पेन ड्राइव्ह दिला. नवं अपडेट मी सोमवारी, थेट केबलने, शांतपणे केलं. तीन मिनिटांत झालं.

ऑपरेशन नीट पार पडलं. टॅबलेटवरचा आवाज तयार झाल्यावर काकूंचा फोन आला. "आवाज यांचाच आहे. पण आता प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. बटण दाबायला कष्ट कुठे पडतात?"

पाच महिन्यांनी दोघं पुन्हा आले, न सांगता. काकांच्या गळ्यात आता मफलरऐवजी छोटासा रुमाल होता. त्यांनी श्वास घेतला, रुमालाखालच्या श्वासाच्या छिद्रावर बोट दाबलं, आणि एक नवाच, जाड, तुटक आवाज आला. डॉक्टरांनी आत बसवलेल्या छोट्या झडपेतून असं बोलायला ते सराव करून शिकले होते.

"हो आवाज... पण... माझोच," ते म्हणाले. "घे... रेकॉर्ड करून."

काकू म्हणाल्या, "टॅबलेट आहेच. पण भांडताना हेच बरं वाटतं."

मी माइक थोडा जवळ घेतला, कारण या आवाजात श्वास जास्त होता, आणि लेव्हल नव्याने लावली. त्या दिवशी आम्ही चाळीस वाक्यं घेतली. अठरावं काकांना आवडलं नाही. ते त्यांनी मला तीनदा पुन्हा घ्यायला लावलं.